प्रसंगासाठी लिहिलेली कविता 'खरी' असते का? इंग्रजी कवितेत काय घडलं?

निळीशाई
नमस्कार मंडळी. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली तेहतीस वर्षं काम करणारे मामा या महिनाअखेरीस निवृत्त होतायत. हुद्दा ग्रंथालय परिचर, पण आम्हा सगळ्यांचे ते मामाच. निरोप समारंभासाठी 'चार ओळी' लिहायचं काम माझ्याकडे आलं. स्टाफरूममध्ये हे बोलणं चाललेलं असताना एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सांगून लिहून घेतलेली ती कविता नव्हे, तो मजकूर." ते चेष्टेत बोलले नव्हते, त्यामुळे मला ते लागलं.

मी इंग्रजी शिकवते. आमच्या अभ्यासक्रमातल्या निम्म्या कविता कुणाच्या तरी लग्नावर, मृत्यूवर, विजयावर किंवा वाढदिवसावर लिहिलेल्या आहेत, पण वर्गात आम्ही प्रसंग तळटीपेत ढकलतो आणि कविता 'शाश्वत' म्हणून शिकवतो. म्हणून विचारते: इंग्रजीतल्या कोणत्या प्रासंगिक कविता तुमच्या मते प्रसंग सरल्यावरही जिवंत राहिल्या? आणि का राहिल्या? मला याचं उत्तर खरोखर हवं आहे. लिहायला दहाच दिवस आहेत.

अवखळ
उत्तम धागा. जागा धरून बसतो.

खडूफळा
निळीशाई, तुमच्या सहकाऱ्यांना सोळाव्या शतकातले इंग्रज कवी स्पेन्सर वाचायला द्या. त्यांचं 'एपिथलेमियन' हे विवाहगीत १५९५ साली छापलं गेलं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या नव्हे, स्वतःच्याच लग्नाचं. आदल्या वर्षी, ११ जूनला, आयर्लंडमध्ये एलिझाबेथ बॉइलशी त्यांचं लग्न झालं. जुन्या पंचांगाप्रमाणे तो वर्षातला सर्वांत मोठा दिवस. कवितेत चोवीस कडवी आहेत, दिवसाच्या तासांइतकी. पहाटे वधूला उठवण्यापासून सुरुवात होते, मग साजशृंगार, चर्च, जेवणावळ, आणि शेवटी रात्र. स्पेन्सर शेवटी सांगतात की राहून गेलेल्या दागिन्यांच्या जागी हे गाणं आहे. म्हणजे ही कविता हाच आहेर.

मला त्यातली सर्वांत आवडती जागा रात्रीची. नवरा मुलगा देवादिकांना आळवतो, शांतता मागतो, आणि मग घुबडांना आणि डबक्यातल्या बेडकांना गप्प राहायला सांगतो. बेडकांचा तो डरांव-डरांव कोरस ऐकला तर त्यांचा गळा आवळावासा वाटेल, असं चक्क लिहितो. इतक्या उंच सुरातल्या गाण्यात ते बेडूक आले, आणि मला त्या आयरिश रात्रीची ओल जाणवली. मी चाळीस वर्षं शिकवलं. मुलं दमली की बेडकांचं कडवं वाचायचो, वर्ग जागा व्हायचा.

रानजाई
सर, बेडकांबद्दल मनापासून आभार! माझ्या भावाच्या लग्नात मंगलाष्टकं मी लिहिली होती. शार्दूलविक्रीडितात 'कुर्यात सदा मंगलम्' बसवताना इतकी गुंतले की वहिनीच्या गावाचं नाव घालायचं राहून गेलं. ती आजही आठवण करून देते. बेडूक आधी माहीत असते तर त्यांच्या घरामागचा ओढा तरी घातला असता.

तिरपा_कौल
खडूफळा सर, आदर ठेवून असहमत. स्वतःच्या लग्नावर कवी मनापासूनच लिहिणार. धाग्याचा प्रश्न सांगून लिहून घेतलेल्या कवितेचा आहे, आणि तिथं इंग्रजी कवितेचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही.

राजकवीचं पद बघा. १६६८ मध्ये ड्रायडन पहिले अधिकृत राजकवी झाले. त्याआधी १६५९ मध्ये त्यांनी, राजाला हटवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या मृत्यूवर गौरवाची कडवी लिहिली होती, आणि लगेच १६६० मध्ये परतून आलेल्या राजाच्या स्वागताची कविता. पुढे अठराव्या शतकात तर राजकवीनं दरवर्षी नववर्षाला एक आणि राजाच्या वाढदिवसाला एक अशी दोन स्तुतिगीतं द्यायची, दरबारात ती चालीवर गायली जायची. कॉली सिबर यांनी १७३० पासून १७५७ पर्यंत हे काम केलं. ते गेल्यावर टॉमस ग्रे यांना पद देऊ केलं, त्यांनी नाकारलं. हेन्री पाय यांनी मानधनातल्या वाइनऐवजी रोख रक्कम घ्यायला सुरुवात केली, हीच त्यांची आज उरलेली ओळख. त्या सगळ्या वाढदिवसगीतांतली एक ओळ तरी कुणाला पाठ आहे का?

म्हणून मला निळीशाईंच्या सहकाऱ्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं वाटत नाही. मागणी ठरलेली आणि भावनाही ठरलेली, मग कवीला शोधायला काय उरतं?

गच्चीवरून
+१. 'काय शोधायला उरतं' हाच खरा प्रश्न.

खडूफळा
तिरपा_कौल, मुद्दा रास्त आहे. पण ड्रायडनना थोडा न्याय करूया. १६८८ मध्ये राजा पुन्हा बदलला तेव्हा त्यांनी धर्म आणि निष्ठा बदलल्या नाहीत. ते कॅथलिक झाले होते, कॅथलिकच राहिले, आणि पद गमावलं. आधीच्या बदलाबद्दल अठराव्या शतकातले समीक्षक आणि कोशकार डॉ. जॉन्सन यांनी लिहिलं आहे की ते बदलले असतील तर सगळ्या देशाबरोबर बदलले. आणि पद गेल्यानंतर, १६९७ मध्ये, संगीताची संत मानल्या जाणाऱ्या सेसिलियाच्या दिवसासाठी एका संगीत मंडळीच्या मागणीवरून त्यांनी 'अलेक्झांडर्स फीस्ट' लिहिली. सांगून लिहून घेतलेली, वार्षिक कार्यक्रमासाठीची कविता! संगीतकार सूर बदलतो तसा सिकंदराचा मूड फिरत जातो, आणि शब्दांची लय त्याच्याबरोबर फिरते. मोठ्यानं वाचल्याशिवाय ती कळत नाही.

त्याच काळातल्या एडमंड वॉलर यांचा किस्सा सांगतात. त्यांनीही क्रॉमवेलवर आणि मग राजावर लिहिलं. राजा म्हणाला, क्रॉमवेलवरची कविता जास्त चांगली आहे. वॉलर उत्तरले, "महाराज, कवींना सत्यापेक्षा कल्पित जास्त चांगलं जमतं." दरबारात इतक्या लवकर सुचलेलं उत्तर मला दुसरं माहीत नाही.

पाऊलवाट
'काय शोधायला उरतं' याला माझं उत्तर सतराव्या शतकातला कवी अँड्र्यू मार्व्हेल.

क्रॉमवेल १६५० मध्ये आयर्लंडच्या मोहिमेवरून परतले, त्यावर मार्व्हेलनं रोमन कवी होरेसच्या धर्तीवर स्तुतिगीत लिहिलं. प्रसंग विजेत्याचा. आणि कवितेच्या मधोमध कोण उभं आहे? आदल्या वर्षी शिरच्छेद झालेला पहिला चार्ल्स. मार्व्हेल लिहितो की त्या अविस्मरणीय जागी राजानं काहीही हलकं किंवा क्षुद्र केलं नाही, तीक्ष्ण नजरेनं कुऱ्हाडीची धार पाहिली, आणि अंथरुणावर ठेवावं तसं डोकं खाली ठेवलं. विजेत्याच्या मिरवणुकीत हरलेल्या माणसाचं इतकं सभ्य चित्र! कविता क्रॉमवेलच्या बाजूची की राजाच्या, हे आजही एका वाक्यात सांगता येत नाही. १६८१ मध्ये, मार्व्हेल गेल्यानंतर, संग्रह छापला तेव्हा जवळजवळ सगळ्या प्रतींतून ती काढून टाकली होती.

माझं म्हणणं एवढंच: प्रसंगानं कवीला सभागृहात बोलावलं, पण नजर कुठं लावायची हे कवीनं ठरवलं.

तिरपा_कौल
पाऊलवाट, हे पटलं. पण मार्व्हेलला ती कुणी मागितली नव्हती, एवढी नोंद करतो.

रानजाई
मागितलेली हवी? मग मांजर घ्या.

१७४७ मध्ये इंग्रज लेखक होरेस वॉलपोल यांची लाडकी मांजर सेलिमा सोनमाशांच्या चिनी मातीच्या भांड्यात पडून बुडाली. त्यांनी मित्राकडे, म्हणजे वर उल्लेख आलेल्या टॉमस ग्रे यांच्याकडे, मृत्युलेख मागितला. ग्रेंनी सात कडव्यांचं गंभीर थाटातलं गीत लिहिलं. आधी सेलिमा पाण्यात स्वतःचं रूप बघते, गळ्याची पांढरी लव, हिरवे डोळे, आणि पसंतीचं गुरगुरते. मग दोन सोनेरी आकृत्या पाण्यातून सरकतात, ती पंजा लांबवते, पाय घसरतो. आठ वेळा वर येते, आठ वेळा म्याव करते, पण एकही नोकर धावत येत नाही. मांजरीला नऊ जीव असतात या इंग्रजी समजुतीचा तो हिशेब आहे, नववा जीव पाण्यातच जातो. वॉलपोल यांनी नंतर ते भांडं चौथऱ्यावर ठेवून त्यावर कवितेचे आरंभीचे शब्द कोरून घेतले.

ही कविता मी माझी मांजर गेली त्या आठवड्यात पुन्हा वाचली. हसले, आणि मग खूप रडले. ग्रे थट्टा करतात, पण सेलिमाची एकेक लकब त्यांनी नीट पाहिलेली आहे. मला तेवढं पुरलं.

अवखळ
आमच्या घरी टँकमधल्या माशांनाही मांजर आहे. आज रात्री झाकण लावून झोपतो.

गच्चीवरून
टेनिसनशिवाय हा धागा पुरा होणार नाही. क्रायमियाच्या युद्धातली बालाक्लाव्हाची लढाई २५ ऑक्टोबर १८५४ ची. चुकीच्या समजलेल्या हुकुमामुळे घोडदळ थेट तोफांच्या तोंडी गेलं. टेनिसन तेव्हा राजकवी होते. त्यांनी वर्तमानपत्रातला वृत्तांत वाचला, त्यातला घोडचुकीचा उल्लेख डोक्यात बसला, आणि ९ डिसेंबरला 'एक्झॅमिनर'मध्ये कविता छापून आली. आजच्या हिशेबानं बातमीवरची कविता.

कुणीतरी चूक केली होती, हे शब्द त्यात आहेत. १८५५ च्या संग्रहात टेनिसननी ते गाळले. कविता एकदम मिळमिळीत झाली. मग क्रायमियातल्या सैनिकांना ही कविता हवी आहे असं कळलं, तेव्हा त्यांनी मूळ शब्द परत घातले आणि हजार प्रती छापून आघाडीवर पाठवल्या. राजकवी असून सेनापतींच्या चुकीवर बोट ठेवलं, आणि ज्यांच्यावर ती चूक कोसळली त्यांनाच ते बोट हवं होतं. माझे आजोबा फौजेत होते. ही कविता त्यांना शाळेपासून पाठ होती. 'चूक' या शब्दावर ते नेहमी थांबायचे.

टेम्सकाठ
उशिरा आले. लंडनहून लिहितेय. ब्लूम्सबरीतल्या क्वीन स्क्वेअरच्या बागेत दगडात कोरलेल्या चार ओळी आहेत, फिलिप लार्किनच्या. राणीच्या १९७७ च्या रौप्यमहोत्सवानिमित्त केलेल्या. अर्थ साधारण असा: सगळं ढासळत किंवा अनोळखी होत चाललेल्या काळात एक चांगली गोष्ट कायम होती, ती बदलली नाही. चारच लहान ओळी, जवळपास सगळे शब्द साधे. शेजारी मोठं रुग्णालय आहे. त्या वर्षी माझ्या नवऱ्याचे उपचार तिथं चालू होते आणि डबा खायला मी बागेत बसायचे. मला राजघराण्याशी काही देणंघेणं नाही, पण 'ती बदलली नाही' हे वाचलं की सासूबाई आठवायच्या. रोज रात्री साडेनऊला सांगलीहून त्यांचा फोन यायचा.

लार्किनना पुढे १९८४ मध्ये राजकवीपद देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही, मग ते टेड ह्यूजकडे गेलं. २००९ मध्ये कॅरल ॲन डफी पहिल्या स्त्री राजकवी झाल्या. त्यांनी पहिल्या महायुद्धातल्या शेवटच्या जुन्या सैनिकांच्या निधनावर कविता केली, त्यात युद्धाची फिल्म उलटी फिरते आणि मेलेली मुलं उठून घरी जातात. आताचे सायमन आर्मिटेज यांनी २०२२ मध्ये राणीच्या मृत्यूवर लिहिलं, त्यातल्या ओळींची आद्याक्षरं जोडली की दोनदा 'एलिझाबेथ' होतं.

निळीशाई
टेम्सकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ गप्प बसले. तुमचे यजमान आता बरे असतील अशी आशा करते.

टेम्सकाठ
हो, बरे आहेत. आता डबा तेच करतात.

चौपाटीकर
अवांतर, पण आपल्याकडचा धागा आहे म्हणून. रडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईतल्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला. ते कधीच राजकवी झाले नाहीत, पण व्हिक्टोरियाच्या १८९७ च्या हीरकमहोत्सवावरची लक्षात राहिलेली कविता त्यांचीच. सगळा देश आरमार आणि साम्राज्य मिरवत असताना ते लिहितात की ही सगळी शान उद्या निनव्हे आणि टायर या प्राचीन नगरांसारखी धुळीला मिळेल, विसरू नका. लिहून झाल्यावर त्यांनी ती कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती, घरी आलेल्या एका पाहुणीनं बाहेर काढली.

पाऊलवाट
चौपाटीकर, त्याच कवितेत 'कायदा नसलेल्या हीन जमाती' असे शब्दही आहेत. साम्राज्याला नम्र व्हायला सांगणाऱ्या कवितेतही आपण खालीच राहतो. मी ती वाचते, पण ते कडवं वगळून वाचत नाही.

चौपाटीकर
मान्य. वगळूही नये.

पाऊलवाट
आणि आपण अजून एकाच बाईच्या नावावर थांबलोय. बॉस्टनमधली फिलिस व्हीटली. लहानपणी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली. १७७० मध्ये प्रसिद्ध धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड वारले, त्यावरच्या तिच्या विलापिकेनं तिचं नाव झालं. १७७३ मध्ये तिचा संग्रह लंडनला छापला, त्याचा मोठा भाग शोककवितांचा: कुणाचं मूल गेलं, कुणाचा नवरा गेला. ज्या समाजात तिची स्वतःची किंमत लावली गेली होती, त्या समाजाला दुःखात धीर देण्याचं काम ती करत होती. प्रासंगिक कवितेमुळेच तिला दारातून आत येता आलं. 'मजकूर' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसरी इंग्रज लेखिका ॲफ्रा बेन. १६८९ मध्ये बिशप बर्नेट यांनी तिला नव्या राजाच्या, विल्यमच्या, गौरवाची कविता मागितली. ती पैशाच्या अडचणीत होती, आजारी होती. तिनं नकार दिला, आणि तो नकारही कवितेतच दिला.

तिरपा_कौल
नकाराची कविता! हे माहीत नव्हतं, शोधून वाचतो.

माझा एक प्रश्न अजून उरलाय, प्रामाणिकपणाचा. कवी जॉन डननं १६१० मध्ये वारलेल्या चौदा वर्षांच्या एलिझाबेथ ड्रुरीवर दोन दीर्घ कविता लिहिल्या. तिला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं, वडील आश्रयदाते होते. त्याच काळातले कवी-नाटककार बेन जॉन्सन (वरचे डॉ. जॉन्सन नव्हेत) म्हणाले, हे कुमारी मेरीवर लिहिलं असतं तर शोभलं असतं. डनचं उत्तर: मी स्त्रीची कल्पना वर्णिली, ती होती तशी नव्हे. मग मुलीच्या आईला त्यात आपली मुलगी कुठं सापडली असेल?

खडूफळा
तुमच्यासारखंच डॉ. जॉन्सन यांना मिल्टनच्या 'लिसिडस'बद्दल वाटलं. १६३७ मध्ये एडवर्ड किंग हा केंब्रिजचा तरुण आयरिश समुद्रात बुडाला, मित्रांनी स्मृतिग्रंथ काढला, मिल्टनची कविता त्यात सर्वांत शेवटी आहे. जॉन्सन म्हणाले, जिथं कल्पनाविलासाला सवड आहे तिथं दुःख थोडंच. मला 'लिसिडस' फार प्रिय आहे आणि इथं जॉन्सनशी माझं पटत नाही. पण असं म्हणणाऱ्या माणसानं स्वतः काय लिहिलं ते बघण्यासारखं आहे, आणि निळीशाई, हे तुमच्यासाठी.

जॉन्सन यांच्या घरी रॉबर्ट लेव्हेट नावाचे एक वैद्य राहत. पदवी नाही. तरुणपणी पॅरिसच्या कॉफीगृहात वाढप्याचं काम करताना तिथं येणाऱ्या शल्यविशारदांकडून ते शिकले. लंडनच्या गरीब वस्त्यांत मैलोन्‌मैल चालत रुग्ण बघायचे, मिळेल ती फी घ्यायचे, कधी फीऐवजी पुढं केलेला प्याला. बोलणं तुटक, वागणं रांगडं. जॉन्सन यांच्याबरोबर रोज सकाळी चहाला बसायचे, फारसं न बोलता. जानेवारी १७८२ मध्ये ते अचानक गेले. जॉन्सन तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. त्यांनी नऊ कडव्यांची कविता लिहिली.

त्यात 'लिसिडस'सारखी फुलं नाहीत, मेंढपाळ नाहीत, जलदेवता नाहीत. लेव्हेट फार हुशार होते असंही म्हणत नाहीत. 'अप्रसिद्धपणे शहाणा आणि रांगडेपणानं मायाळू' असं म्हणतात. अंधाऱ्या तळघरांत जिथं माणसं एकटी मरायला पडलेली, तिथं हा माणूस पोचायचा. उशिरा येण्याची सबब कधी सांगितली नाही, मोठ्या फीची वाट पाहिली नाही. बायबलमधल्या दृष्टान्तात धन्यानं नोकराला एकच नाणं दिलेलं असतं, तसं याच्याकडे एकच कसब होतं, आणि ते त्यानं पुरेपूर वापरलं. बस. प्रत्येक विशेषण त्या माणसाच्या अंगावर बरोबर बसतं, दुसऱ्या कुणाला ते झगा म्हणून घालता येणार नाही.

तुमच्या मामांकडे तसं काय आहे ते बघा.

गच्चीवरून
सर, हा प्रतिसाद मी उतरवून ठेवला.

अवखळ
मीही. आणि एक छोटी भर: ज्यांना समारंभात वाचायची धास्ती वाटते त्यांच्यासाठी. २० जानेवारी १९६१, केनेडींचा शपथविधी. रॉबर्ट फ्रॉस्ट ८६ वर्षांचे. खास त्या दिवसासाठी लिहिलेली कविता वाचायला उभे राहिले, पण बर्फावरून येणाऱ्या उन्हानं कागद दिसेना. उपाध्यक्ष जॉन्सन यांनी टोपीची सावली धरून बघितली. शेवटी फ्रॉस्टनी कागद बाजूला ठेवला आणि आपली एक जुनी कविता तोंडपाठ म्हटली. निळीशाई, पाठ करून जा.

टेम्सकाठ
कविता प्रसंग बदलते याचंही एक उदाहरण राहिलं. 'घड्याळं थांबवा' अशी सुरुवात असलेली विसाव्या शतकातला कवी ऑडन याची शोककविता १९३६ च्या एका नाटकात मुळात एका राजकारण्याच्या मृत्यूवरची टिंगल होती. ऑडननी ती नंतर बदलून गायिकेसाठी गाणं केलं. १९९४ मधल्या एका चित्रपटात ती अंत्यविधीला वाचली गेली, आणि आता इथं खऱ्याखुऱ्या अंत्यविधींना वाचतात. माझ्या शेजारणीच्या मुलीनं आईसाठी वाचली. तिथं बसलेल्या कुणालाही ती टिंगल वाटली नाही.

निळीशाई
कार्यक्रम काल झाला. खडूफळा सरांचा प्रतिसाद वाचून मी आधीचा कागद फाडला. त्यात 'कर्तव्यदक्ष', 'हसतमुख', 'आधारवड' असं सगळं होतं, आणि ते कुणाच्याही निरोपाला चाललं असतं. मग दोन दिवस नुसती ग्रंथालयात जाऊन बसले. मामा फाटकी पुस्तकं अजूनही खळ लावून जोडतात. वाटी, ब्रश काही नाही, उजव्या हाताची तर्जनीच. वाचनकक्षात आवाज वाढला की तेच बोट ओठांवर ठेवतात. बोटावर वाळलेली खळ तशीच असते. इतक्या वर्षांत मी हे शंभरदा पाहिलं असेल.

अष्टाक्षरीत एवढंच जमलं:

अर्धे नाव सांगितले
की मामांनी ओळखावे,
तिसऱ्या ओळीत मागे
हात घालून काढावे.

फाटलेल्या पानाकडे
बोट खळीचे वळावे,
ओठांवर तेच बोट
आले की गप्प बसावे.

पाठ करून गेले होते, अवखळ. म्हणून झाल्यावर मागच्या रांगेतली मुलं टाळ्या वाजवायला लागली, तर मामांनी सवयीनं बोट ओठांवर नेलं.